नुसतं कालवण मिळंल का?

गाडी मांजरसुंब्याच्या पुढे गेली की मागच्या सीटवरून एक ठरलेला प्रश्न येतो. त्याआधी येत नाही. त्याआधी घराला कुलूप नीट लागलं का, म्हशीचं कोण बघणार, दवाखान्याची फाईल कुणाच्या पिशवीत आहे, यातच माणसं गुंतलेली असतात. मांजरसुंब्याला चहा झाला, पाटोद्याचा रस्ता लागला, की कुणीतरी पुढे वाकतं आणि विचारतं, "पुण्यात जेवायचं कुठं हो?"

हा प्रश्न मी उभी हयात ऐकला. मी धारूरचा. भाड्याची गाडी चालवायचो. आधी जीप होती, नंतर सात माणसांची बंद गाडी आली. आता डोळ्याच्या ऑपरेशननंतर लांबची भाडी घेत नाही. लोक माझ्या धंद्याला ड्रायव्हरकी म्हणतात, पण गाडी चालवणं हा त्यातला सोपा भाग आहे. परक्या शहरात माणसाला कुठे बसवायचं आणि काय खाऊ घालायचं, हे ठरवणं अवघड. रस्ता चुकला तर माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो. जेवण चुकलं तर लग्नाकार्यात भेटेल तिथे ऐकवतो, आणि ऐकणारा तुमचं पुढचं गिऱ्हाईक असतो.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे यादी मागितली होती. आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं पुण्यात कुठे खावं, कुठे प्यावं, पत्त्यांसकट द्या. जमलं तर फोटोही द्या. मी यादी देणार नाही. फोटो तर मुळीच नाही. का देणार नाही ते मात्र सविस्तर लिहितो, म्हणजे त्यांची पानं रिकामी राहायची नाहीत.

ड्रायव्हरचा निम्मा जन्म चालवण्यात जातो आणि निम्मा थांबण्यात. दवाखान्याच्या बाहेर, मंगल कार्यालयाच्या बाहेर, मंत्रालयाच्या बाहेर. बरेचसे लोक या थांबण्यात पत्ते खेळतात किंवा झोपतात. मला पत्ते येत नाहीत आणि बसल्या जागी झोप लागत नाही, म्हणून वाचायला लागलो. धारूरच्या वाचनालयातल्या कादंबऱ्या संपल्यावर जुने विशेषांक वाचले, तेही संपल्यावर चरित्रं वाचली. गाडी चालवायला त्याचा कवडीचा उपयोग झाला नाही. एवढंच झालं की मोठ्या शब्दांची भीती गेली, आणि पुण्यातल्या हॉटेलांच्या पाट्या वाचताना ती न वाटणं फार सोयीचं ठरतं.

आता बाहेरच्या माणसाला धंद्याची एक गोष्ट सांगतो. रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात ड्रायव्हरसाठी वेगळं टेबल असतं. पार्टी आणली की ड्रायव्हरचं जेवण फुकट. त्यामुळे 'ड्रायव्हर थांबतात तिथे जेवण चांगलं' असं जे शहाणे लोक सांगतात, ते अर्धंच खरं असतं. जेवण चांगलं असतं, पण ते ड्रायव्हरच्या टेबलावर. आमच्या वरणाला ताजी फोडणी पडते, आमची पोळी तव्यावरून थेट ताटात येते. पार्टीला सकाळची भाजी गरम करून मिळते. मग पार्टी विचारते, कसंय जेवण? ड्रायव्हर म्हणतो, एक नंबर. तो खोटं बोलत नसतो. त्याचं खरंच एक नंबर असतं.

म्हणून मी माझी वेगळी पद्धत बसवली. हॉटेलात शिरण्याआधी वाढप्याला बाजूला घ्यायचं आणि विचारायचं, "तुमी कुठं जेवता?" तो 'इथंच' म्हणाला तर गिऱ्हाईक आत न्यायचं. तो हसला तर गाडी पुढे काढायची. दारात बैलगाडीचं चाक टेकवलेलं असेल तर विचारायचीही गरज नाही. ज्यानं बैलगाडी हाकली तो तिचं चाक भिंतीला टेकवून त्यावर दिव्यांच्या माळा सोडत नाही. पाटीवर 'गावरान', 'अस्सल' आणि 'आईच्या हातची' हे तिन्ही शब्द असतील तर आत स्वयंपाकाला परराज्यातला तरणा गडी असतो. तो बिचारा चांगला रांधतो, पण तो कुणाचीही आई नसतो.

पिण्याचंही सांगतो, नाहीतर संपादक म्हणतील अर्धंच लिहिलं. त्याला आमच्याकडे 'बसायचं' म्हणतात. बसायची जागा सगळ्यांसमोर कुणी विचारत नाही. पेट्रोल पंपावर बायका खाली उतरल्या की विचारतात, तेही तोंड दुसरीकडे करून, जणू हवेला विचारतायत. मी हवेनं द्यावं तसं उत्तर द्यायचो, म्हणजे काहीच द्यायचो नाही. त्यांना जागा सापडायच्याच. त्या विषयात आपल्या माणसाला वाटाड्या लागत नाही.

अंबाजोगाईकडचे एक बागाईतदार होते, मुलीच्या लग्नाच्या बस्त्याला पुण्याला निघालेले. त्यांना 'नाव असलेलं' हॉटेल हवं होतं. मी म्हणालो, नाव असतं तिथे चव असेलच असं नाही. ते म्हणाले, "चवीचं मी बघतो, तू नावाचं बघ." नेलं. थंडगार हवा, मखमली खुर्च्या, वाढणारे टाय लावलेले. या गृहस्थांनी कार्डावरचा अगडबंब नावाचा पदार्थ मागवला. तो आल्यावर एक घास घेतला, सदऱ्याच्या खिशातून येसराची पुडी काढली आणि ताटलीवर मोकळी केली. येसर म्हणजे आमच्याकडचा भाजून कुटलेला मसाला, आमटीला लावतात. टायवाला धावत आला. बागाईतदार त्याला म्हणाले, "घाबरू नको बाळा. तुमचं नाव तसंच ऱ्हाऊ दे, चव आमी सोबत आनलीय." मला हा माणूस आवडला. तो नावासाठी आला होता आणि त्याला ते माहीत होतं. असे लोक कमी.

आता मुख्य गोष्ट.

धारूरच्या डोंगरातलं एक धनगर कुटुंब घेऊन मी पुण्याला गेलो होतो. म्हाताऱ्या बापाला आतड्याचा आजार होता. मोठ्या दवाखान्यात भरती केलं. बरोबर दोन लेक आणि एक सून. सुनेच्या मांडीवर सबंध रस्ताभर एक गाठोडं होतं. ते ती मागे ठेवायला तयार नव्हती. त्यात भाकरी होत्या. निघायच्या आधी घरातल्या बायकांनी पहाटेपासून थापलेल्या, आठवडाभर पुरतील एवढ्या, वाळत घालून कडक केलेल्या. घरात ज्वारी असताना भाकरी विकत घेऊन खायची, ही गोष्ट या लोकांच्या डोक्यातच बसत नाही. त्यात त्यांना कंजूषपणाही वाटत नाही आणि अभिमानही. भाकरी घरची असते, बस्स.

दुपारी मोठ्या लेकानं मला प्रश्न विचारला. नेहमीचा नव्हता. तो म्हणाला, "दादा, नुसतं कालवण मिळंल का कुठं?"

मला सोपं वाटलं. दवाखान्याच्या आसपास हॉटेलं काय कमी? पहिल्या हॉटेलात गाठोडं सोडलं आणि मालकानं बोटानं भिंत दाखवली. भिंतीवर लिहिलेलं होतं, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. दुसऱ्या हॉटेलात पाटी जरा सभ्य होती, अर्थ तोच. तिसऱ्या ठिकाणी मी म्हणालो, कालवणाचे पूर्ण ताटाचे पैसे घ्या, पण भाकरी यांची खाऊ द्या. मालक म्हणाला, प्रश्न पैशाचा नाही, इतर गिऱ्हाइकांना बरं दिसत नाही. सुनेनं गाठोडं बांधलं. गाठ दोनदा मारली.

पुण्यातली उत्तम जेवणाची ठिकाणं मला पाठ होती आणि त्यातलं एकही या माणसांच्या कामाचं नव्हतं. चांगलं हॉटेल म्हणजे काय, याची माझी व्याख्या त्या दिवशी बदलली. तेव्हापासून मी वाढप्याला विचारणं सोडलं. आधी भिंत वाचायला लागलो.

शेवटी दवाखान्यातल्या एका झाडूवाल्या बाईनं सांगितलं, मागच्या गल्लीत जा, पाटी नाही, दाराशी पाण्याचा माठ आहे. तिथे आम्हाला गयाबाई भेटल्या. हे त्यांचं नाव नाही. माठही नाही, दुसरंच काहीतरी आहे. कुणी या खुणांवरून शोधायला निघालं तर सायकलीच्या दुकानात पोहोचेल आणि पंक्चर काढून परत येईल.

गयाबाई घाटनांदूरच्या बाजूच्या. नवरा पुण्यात गवंडीकामाला आला, पुढे वारला, या राहिल्या. एका जुन्या इमारतीच्या तळाला दोन खोल्या, आत चूल म्हणजे गॅस, बाहेर पत्र्याखाली बाकडी. माणूस आत आला की काय खाणार असं त्या विचारत नाहीत. विचारतात, "कोन हाय दवाखान्यात?" उत्तरावर ताट ठरतं. ज्यांचा माणूस ऑपरेशनला आत गेलाय त्यांना तिखट देत नाहीत, म्हणतात त्यांच्या पोटात आधीच आग असते. गाठोडं सोडलं की भाकरीवर पाण्याचा हात फिरवतात, तव्यावर टाकतात, मऊ झाली की परत देतात. त्या दिवशी सुनेनं तव्यावरून आलेली भाकरी हातात घेतली आणि पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "घरच्यावानी झाली की." बस्स, एवढंच.

आता जेवण कसं? खरं सांगतो, मध्यम. आमटी चांगली असते, येसर घरचं असतं. वांग्याला मीठ कधी कधी जास्त पडतं. भात बहुतेक वेळा गिचका होतो आणि त्याबद्दल बोललं तर बाई तुम्हालाच दोष देतात, उशिरा आलात म्हणून. चवीसाठी कुणी तिथे जाऊ नये. चवीसाठी पुण्यात पुष्कळ जागा आहेत.

त्यानंतर दवाखान्याचं भाडं असलं की मी तिथेच न्यायचो. आमच्या भागातले इतर ड्रायव्हरही न्यायला लागले. कुणी कुठे लिहिलं नाही, बोर्ड लावला नाही. गेवराईपासून परळीपर्यंतच्या घरांतून माणसं तिथे जेवून आली, आणि ज्याला गरज पडली त्याला कानात सांगितलं गेलं. वरच्या मजल्यांवरची माणसं कुरकुर करायची, पण आवाज नाही, गर्दी नाही, म्हणून चालू दिलं. मध्ये कुठल्याशा मंडळानं तिथे फळवाटप केलं होतं, स्पीकर लावून. त्यानंतर इमारतवाल्यांनी बाईंना सांगितलं, पुन्हा असलं काही झालं तर खोल्या खाली करा. तो इशारा खोटा नव्हता. जागामालक तशा निमित्ताचीच वाट बघत होता.

आणि आले अप्पासाहेब.

अप्पासाहेब आमच्या भागातले पुढारी. पद सांगत नाही, कारण हा अंक छापून होईपर्यंत ते बदललेलं असू शकतं. त्यांची आणि त्यांच्या पाहुण्यांची बरीच भाडी माझ्याकडे असायची, निम्मं घर त्यावर चालायचं. आमच्या जिल्ह्यात सत्काराचं प्रस्थ किती आहे हे इथल्या वाचकांना सांगायला नको. दहावी पास झालेल्याचा होतो, नापास होऊन पुन्हा बसणाऱ्याचाही होतो. जेसीबीच्या बकेटातून फुलं पडतात, मग तोच जेसीबी फुलं गोळा करायला लागतो. अप्पासाहेबांच्या वाढदिवसाचा आठवडा जवळ आला होता आणि त्यांचा पीए विलास याला कुठूनतरी समजलं होतं, की पुण्यात आपल्या जिल्ह्यातली एक बाई दवाखान्यातल्या लोकांना जेवू घालते. त्यानं नाव ठरवून टाकलं, 'बीडची अन्नपूर्णा'. बाई कोण, कुठली, ते नंतर बघायचं होतं.

मला बंगल्यावर बोलावलं. अप्पासाहेब खरंच हेलावलेले होते, हे मी त्यांच्या बाजूनं नमूद करतो. त्यांचे वडील आजारी असताना ते पुण्यात दवाखान्याच्या फुटपाथवर झोपलेले होते. "एका मानसानं पानी विचारलं न्हाई," ते म्हणाले, आणि डोळे पुसले. ते रडणं खोटं नव्हतं. पण आमच्याकडे उपकाराची जाणीव झाली की तिला मांडव लागतो.

मी म्हणालो, बाईंना विचारून सांगतो. पुढच्या भाड्याला गेलो तेव्हा विचारलं. गयाबाई कांदा चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नको. त्यान्ला इकडं आनू नको," त्या म्हणाल्या. "इथं लोकं जेवताना रडतेत, भाऊ. त्यांचे फोटू काढू का मी?"

हे मी येऊन अप्पासाहेबांना जसंच्या तसं सांगितलं. ते प्रसन्न झाले. विलासकडे बघून म्हणाले, "बघितलं? मोठी मानसं नकोच म्हनतेत."

इथे आमच्या भागातली एक रीत समजावून सांगावी लागेल. सत्काराला नको म्हणणं हा सत्काराचाच भाग असतो. ज्याचा करायचा तो आधी नको म्हणतो, मग कशाला म्हणतो, मग तुमची इच्छा म्हणतो. नको न म्हणता शाल घेतली तर लोक त्याला हावरा म्हणतात. त्यामुळे जो खरंच नको म्हणतो त्याला सांगायला शब्दच शिल्लक राहत नाही. मी पुन्हा सांगितलं, ती खरंच नको म्हणते. अप्पासाहेब म्हणाले, व्वा. मी इमारतीचं सांगितलं, खोल्या जातील म्हणालो. ते म्हणाले, "कोन घालवतो बघू की," आणि त्यातून भलतंच सुरू होणार हे दिसायला लागलं. शेवटी मी गप्प बसलो. त्यांनी ते होकारात धरलं, कारण गप्प बसणं हीही रीतच आहे.

वाढदिवसाच्या आठवड्यात साताठ गाड्या निघाल्या. पुढे माझी, कारण त्या ताफ्यात जागा फक्त मला माहीत. शेजारी अप्पासाहेब, मागे विलास आणि कॅमेरावाला, त्यामागे कार्यकर्ते, सगळ्यात शेवटी टेम्पोत फुलं, फ्लेक्स आणि स्पीकर. फ्लेक्सवर अप्पासाहेब कंबरेपासून वर होते. बाईंचा फोटो कुणाकडेच नव्हता म्हणून त्या जागी पेटलेल्या चुलीचं चित्र टाकलेलं. नावही नव्हतं. रिकामी चूल आणि खाली 'बीडची अन्नपूर्णा'.

ताफ्याचा एक नियम असतो. मागचा ड्रायव्हर रस्ता बघत नाही, पुढच्या गाडीचा मागचा दिवा बघतो. पुढची गाडी खड्ड्यात गेली तर सगळा ताफा शिस्तीत खड्ड्यात जातो. पुण्याच्या वेशीवर दवाखान्याकडे जायचं वळण आलं. तिथे माझ्या डोळ्यांपुढे आलं ते असं: पत्र्याखाली बाकड्यावर कुणाचा तरी भाऊ मान खाली घालून जेवतोय, आणि त्याच्या डोक्यावर फुलं पडतायत. मी गाडी सरळ काढली. मागच्या सगळ्या गाड्या सरळ आल्या.

बायपासला एक हॉटेल आहे. दारात चाक आहे, एक नाही, चार. वर 'गावरान', 'अस्सल', 'आईच्या हातची', तिन्ही शब्द. मी तिथे गाडी लावली. अप्पासाहेब खाली उतरले, वर बघितलं आणि म्हणाले, "बाईनं चांगलंच उभं केलं की रं." मी गाडीचं दार लावलं. हॉटेलचा मालक बाहेर आला, हार बघितले, कॅमेरा बघितला. कशाबद्दल, कुणाचा, असला एक प्रश्न त्यानं विचारला नाही. हात जोडून "या, या साहेब" म्हणाला. एवढा मोठा सत्कार दारात आल्यावर कोण पत्ता विचारतो?

आत काचेमागे गिऱ्हाइकांना दिसेल अशी चूल मांडलेली होती आणि एक बाई भाकरी थापत होती. विलासला फ्लेक्सवरची चूल आठवली. त्यानं काच सरकवली आणि बाईला पिठाच्या हातानं बाहेर आणलं. ती केशरबाई, चौसाळ्याची, हॉटेलात पगारावर भाकरी थापायला. म्हणजे बाई बीडची निघाली. एवढी साथ नशीब मला क्वचितच देतं.

अप्पासाहेब मनापासून बोलले. वडिलांचं सांगितलं, फुटपाथचं सांगितलं. हॉटेलात जेवायला आलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. केशरबाईंना खुर्चीवर बसवलं, शाल घातली, स्मृतिचिन्ह दिलं, फुलं उधळली. मग विलासनं माईक त्यांच्या तोंडाशी धरला, दोन शब्द बोला म्हणाला.

केशरबाईंनी इकडे-तिकडे बघितलं. "सकाळधरनं उभी हाय," त्या म्हणाल्या. "तुमी खुर्ची दिली. लई बरं वाटलं."

लोक हसले, मग पुन्हा टाळ्या. माझ्या मते अप्पासाहेबांच्या वाढदिवसाच्या आठवड्यात झालेलं ते सगळ्यात चांगलं भाषण होतं. पुढे मालकानं शाल आणि स्मृतिचिन्ह काचेच्या कपाटात, गल्ल्याच्या मागे लावून टाकलं. केशरबाईंना नारळ मिळाला. त्याची त्यांनी चटणी केली, असं मला तिथल्या वाढप्यानं नंतर सांगितलं. मला एकच हळहळ आहे. त्या बाईला खुर्ची रोज मिळायला हवी होती, आणि ते काम कुठल्याच ताफ्यात नव्हतं.

व्हिडिओ त्याच दिवशी अप्पासाहेबांच्या मोबाइलवरच्या पानावर लागला. आणि खाली लोक लिहायला लागले. आधी एकदोघं: ह्या त्या मावशी न्हाईत. मग आणखी. ह्या न्हाईत, मावशी उंच आहेत. हे हॉटेल न्हाई, तिथं चाक न्हाई. आमच्या वडिलांच्या टायमाला आमी तिथंच जेवलो, ह्या त्या न्हाईत. माजलगावातून, केजमधून, आमच्याकडच्या शिरूरमधून. इतकी माणसं तिथे जेवून आलीत हे मलाही माहीत नव्हतं.

अप्पासाहेबांनी बोलावलं. या वेळी बैठकीत फक्त आम्ही दोघं. विलास बाहेर व्हरांड्यात.

"सगळ्या जिल्ह्यात येडं केलंस मला," ते म्हणाले.

"तुमाला न्हाई, साहेब. रस्ता तेवढा बदलला."

"कावून पन? मी काय तिचं वाईट करनार होतो?"

"वाईट न्हाई. पन ती नको म्हनाली होती."

"अरे नको सगळेच म्हनतेत."

"तिनं खरंच म्हनलं होतं."

मग त्यांनी मला वाटलं नव्हतं असं काही केलं. उठले, पायात चप्पल घातली आणि म्हणाले, "चल. तू आन मी. कॅमेरा न्हाई, हार न्हाई. गप जेवतो आन येतो." आवाज साधा होता. फुटपाथवर झोपलेल्या पोराचा असावा तसा. मी हललो, हे कबूल करतो. खिशातल्या किल्लीला हातही लागला.

तेवढ्यात व्हरांड्यातून विलासचा फोनवरचा आवाज आला. "चार गाड्या काढा रे. साहेब निघाले पुन्याला."

अप्पासाहेबांनी ते ऐकलं. मीही ऐकलं.

"साहेब," मी म्हणालो, "तुमी एकटे येतच नसता."

"मंग सांगनार न्हाईस?"

"न्हाई."

"भाडं बंद होईल तुझं."

"बरं."

झालंही. त्यांचं, त्यांच्या पाहुण्यांचं, त्यांच्या ओळखीतल्या सगळ्यांचं. दुसऱ्या ड्रायव्हरांनाही विचारून झालं. त्यातले निम्मे त्यांच्याच तेलावर चालणारे होते. एकानंही सांगितलं नाही. कुणी म्हणाला, मी दवाखान्याची भाडी घेत नाही. कुणी म्हणाला, आमचे पेशंट लातूरला जातात. मी जे गेलं त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही आणि आजही करत नाही. दवाखान्याची भाडी राहिली. आजार पक्ष बघत नाही, त्यामुळे आमच्या धंद्याला तेवढा आधार असतो.

मग विलासनं अप्पासाहेबांच्या पानावर, त्या व्हिडिओखालीच लिहिलं: 'खऱ्या मावशींचा पत्ता माहीत असणाऱ्यांनी कळवावा. यथोचित सन्मान करण्यात येईल.'

उत्तरं आली, भरपूर आली. एकानं लिहिलं हडपसरला, पुलापलीकडे. एकानं लिहिलं कात्रजला, शाळेमागे. एक म्हणाला, मावशी आता नाशिकला असतात. एकानं सविस्तर पत्ता दिला, डावीकडे, उजवीकडे, लिंबाच्या झाडाखाली, आणि विलासनं धाडलेली दोन माणसं त्या पत्त्यावर गेली तर तिथे चपलांचं दुकान निघालं. एकानं गयाबाईंना सरळ श्रद्धांजली वाहिली. ते मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्या हातातलं उलथनं खाली ठेवून हसल्या, आणि म्हणाल्या, मेल्यावर तरी भाताला नावं ठेवणार नाहीस ना?

मी ती सगळी उत्तरं वाचली. त्यातली माणसं मला ओळखत नव्हती, एकमेकांनाही ओळखत नसावीत. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी बैठक घेतली नव्हती. सगळ्यात खाली एका बाईचं उत्तर होतं. नावावरून ओळख पटली नाही. चेहऱ्याच्या जागी वासराचा फोटो लावलेला. तिनं हडपसर लिहिलं नव्हतं, कात्रजही नाही. तिनं लिहिलं होतं:

'आमाला म्हाईत हाय. सांगनार न्हाई.'